इंग्रजी भाषेंतील संशयाचे जुने शब्द

शेक्सपिअरच्या ‘हॅम्लेट’ नाटकाच्या पहिल्या अंकांत एक लहानसा प्रसंग आहे. मृत राजाचें भूत पाहिल्याची वार्ता होरेशिओ आणि पहारेकरी राजपुत्राला सांगतात व निघून जातात. एकटा उरलेला हॅम्लेट आपल्याशींच बोलतो, आणि कांहीं कपट झाल्याचा आपल्याला ‘डाउट’ आहे असें म्हणतो. आजचें इंग्रजी शिकलेला विद्यार्थी याचा अर्थ काय करील? कपट झालें हें राजपुत्राला पटत नाहीं, असा. खरा अर्थ मात्र नेमका उलट आहे. कपट झालेंच असावें, अशी आशंका त्याच्या मनांत उभी राहिली आहे. सॅम्युएल पेपिस यानें १६६० ते १६६९ या काळांत लिहिलेल्या रोजनिशींतहि हा शब्द वारंवार याच अर्थानें येतो. एखाद्या जुन्या साक्षींतील असें वाक्य आजच्या अर्थानें भाषांतरित केलें, तर साक्षीदारानें ज्याच्याकडे बोट दाखविलें तोच मनुष्य निर्दोष सुटेल. म्हणून शब्दांचें कूळ शोधणें हा केवळ कोशकारांचा छंद नव्हे. त्यांत न्यायाचाहि प्रश्न आहे.

‘डाउट’ हा लॅटिन ‘दुबितारे’पासून फ्रेंच भाषेच्या द्वारें इंग्रजींत आला. त्याचा संबंध ‘दोन’ या संख्येशीं आहे. मन द्विधा होणें, हा त्याचा मूळ भाव. फ्रेंचांनीं त्याला भयाचाहि अर्थ दिला होता. ‘रिडाउटेबल’, म्हणजे ज्याचा धाक वाटावा असा, या शब्दांत तो अजून टिकून आहे. त्यांतील ‘बी’ हें अक्षर तर विद्वानांनीं लॅटिनचें स्मरण म्हणून मागाहून घातलें; उच्चारांत तें कधींच आलें नाहीं. आपल्या ‘शंका’ शब्दाचीहि हीच गत आहे. संस्कृतांत तो भय आणि संदेह हे दोन्ही भाव दाखवितो. मराठींत ‘चोरीची शंका आली’ म्हणजे चोरी झाली असावी असें वाटलें. पण ‘तो येईल कीं नाहीं याची शंकाच आहे’ म्हणजे तो बहुधा येणार नाहीं. शब्द एकच, कौल मात्र दोन.

‘सस्पेक्ट’ या शब्दाचा जन्म डोळ्यांत झाला. लॅटिन मुळाप्रमाणें त्याचा अर्थ खालून वर पाहणें. नवल असें कीं, त्याच लॅटिन क्रियापदाचा आदरानें वर पाहणें असाहि अर्थ होता. यांतील ‘पाहणें’ दाखविणारा धातु संस्कृत ‘पश्यति’ आणि ‘स्पश’ म्हणजे गुप्त हेर, यांचा सगोत्र आहे. ‘अंब्रेज’ हा शब्द लॅटिनमधील सावलीवरून आला. प्रथम सावली, मग संशय आणि शेवटीं रुसवा, असा त्याचा प्रवास झाला. फ्रेंच भाषेंत सावलीला बुजणाऱ्या घोड्याला याच कुळांतील विशेषण लावतात. संशयी मनुष्यहि पुष्कळदां वस्तूला न भितां तिच्या सावलीलाच भितो.

आतां चुकीच्या निवाड्याचे शब्द पाहूं. प्राचीन इंग्रजींत ‘डोम’ म्हणजे न्यायनिवाडा आणि ‘डेमान’ म्हणजे निवाडा देणें. १०८६ सालच्या जमीनपाहणीच्या दप्तराला ‘डूम्सडे बुक’ हें नांव पडलें, तें त्यांतील नोंदीवर अपील नाहीं म्हणून. याच ‘डेमान’पासून आजचा ‘डीम’ निघाला. अभिमत विद्यापीठाला आपण ‘डीम्ड’ म्हणतों, तो हाच शब्द. त्याला वाईटपणाचा उपसर्ग लागून ‘मिस्‌डीम’ झाला. एखाद्याविषयीं चुकीचें मत बनविणें हा त्याचा अर्थ. पुढें विनाकारण वाईट शंका घेणें हाहि अर्थ त्याला चिकटला. स्पेन्सरच्या काव्यांत तो आढळतो. आज तो प्रचारांत नाहीं. ‘डूम’ मात्र निवाड्यावरून घसरत दुर्दैव आणि विनाश येथपर्यंत आला.

‘सर्माइज’ची कथा अधिक बोधप्रद आहे. फ्रेंच मुळांत त्याचा अर्थ ‘वर ठेवणें’. आपला ‘आरोप’ शब्दहि तंतोतंत हेंच सांगतो. प्रथम हा कायद्याचा शब्द होता आणि त्याचा अर्थ रीतसर केलेला आरोप असा होता. मग तो पुराव्यावांचून घेतलेला आळ झाला आणि अखेर नुसता तर्क उरला. न्यायसभेंत आरोप करणाऱ्याला तो सिद्ध करावा लागतो. ओसरीवर तर्क करणाऱ्याला कोणी पुरावा विचारीत नाहीं. शब्द सौम्य झाला, पण ज्याच्यावर आळ येतो त्याचें दुःख त्यामुळें कमी होत नाहीं.

‘मिस्‌प्रिझन’चें मूळ ‘चुकून भलतेंच घेणें’ हें. कायद्यांत मात्र दुसऱ्याचा राजद्रोह ठाऊक असून तो लपविणें, असा त्याचा अर्थ ठरला. म्हणजे निष्कारण संशय जसा दोष, तसें कळत असतां गप्प राहणें हाहि दोषच.

संशय डोळ्यांत उपजतो, त्याला कोणाचा इलाज नाहीं. परंतु डोळ्यांतला संशय चौकशीवांचून जिभेवर आला, कीं त्याचा निवाडा होतो. जुन्या पुस्तकांत ‘डाउट’ भेटला म्हणजे वाचकानें थांबून मागचा-पुढचा संदर्भ पाहावा. शेजाऱ्याविषयीं मत बनवितांनाहि तेवढीच सवड घ्यावी.