जामीन, जन्मठेप आणि सियालदहचा खटला

कोलकात्याच्या आर. जी. कर रुग्णालयात ९ ऑगस्ट २०२४ रोजी एका तरुण डॉक्टरवर बलात्कार करून तिचा खून करण्यात आला. खटला सियालदहच्या सत्र न्यायालयात चालला आणि देशभर संताप उसळला. तो रास्तच होता. पण कायद्याचे नेहमीचे शब्द नीट ठाऊक नसले, की असा संताप भलत्याच दारी जातो. १३ डिसेंबर २०२४ रोजी, पुरावे नष्ट केल्याच्या आरोपावरून अटकेत असलेले तिथल्या वैद्यकीय महाविद्यालयाचे माजी प्राचार्य आणि त्या हद्दीतल्या टाला पोलीस ठाण्याचे तत्कालीन प्रमुख यांना जामीन मिळाला. जामीन म्हणजे निर्दोष सुटका नव्हे. बोलावलं की हजर राहीन, या हमीवर तोवर बाहेर राहण्याची ती मुभा. इथे तर आरोपात तथ्य किती, हा प्रश्न विचारात घ्यायची वेळच आली नाही. गंभीर गुन्ह्यात आरोपी कोठडीत गेल्यापासून ९० दिवसांत आरोपपत्र आलं नाही, तर जामीन हा त्याचा हक्कच होतो. तपास करणाऱ्या केंद्रीय यंत्रणेनं, सीबीआयनं, ते मुदतीत दिलं नाही. (माजी प्राचार्य आर्थिक गैरव्यवहाराच्या दुसऱ्या प्रकरणामुळे कोठडीतच राहिले.) जाब विचारायचा होता तो तपास यंत्रणेला.

कुणी म्हणेल, ही वजनदार माणसांसाठी ठेवलेली पळवाट आहे. तसं नाही. वकील लावायची ऐपत नसलेला कच्चा कैदी आरोपपत्राविना वर्षानुवर्षं सडू नये, म्हणून ही मुदत आहे. मोठ्यांसाठी ती मोडली, तर त्याच्यासाठीही मोडेल.

दुसरा शब्द जन्मठेप. २० जानेवारी २०२५ रोजी न्यायाधीश अनिर्बाण दास यांनी बलात्कार आणि खुनासाठी दोषी ठरलेल्या आरोपीला मरेपर्यंत जन्मठेप सुनावली. हे प्रकरण फाशी देण्याइतकं, म्हणजे 'दुर्मिळातलं दुर्मिळ' नाही, असं त्यांचं मत पडलं. ही कसोटी सर्वोच्च न्यायालयानं १९८० मध्ये बच्चनसिंग खटल्यात घालून दिली. त्या मताशी वाद घालता येईल. मात्र 'चौदा वर्षांनी सुटेल' हा आक्षेप चुकीचा आहे. महाराष्ट्रातल्याच खटल्यात याचा निकाल लागलेला आहे. जन्मठेप वीस वर्षांची धरून, त्यातून मिळालेली सूट वजा करून सोडा, अशी मागणी जन्मठेपेचे कैदी गोपाळ गोडसे यांनी केली होती. सर्वोच्च न्यायालयानं १९६१ मध्ये स्पष्ट सांगितलं, की जन्मठेप म्हणजे उरलेलं सगळं आयुष्य. मग कैदी सुटताना दिसतात ते कसे? सरकारला शिक्षेत सूट देता येते म्हणून. खुनासारख्या गुन्ह्यात ती देण्याआधी किमान चौदा वर्षं तुरुंगात काढलेली असावी लागतात, एवढाच त्या आकड्याचा अर्थ. सुटकेचा हक्क त्यातून मिळत नाही. सियालदहच्या निकालात तर 'मरेपर्यंत' असं स्पष्टच म्हटलं आहे. त्यावरही राष्ट्रपती आणि राज्यपाल यांचा घटनेतला माफीचा अधिकार उरतो.

शब्दांचा कीस काढून गेलेली मुलगी परत येते का, असंही विचारलं जातं. नाही येत. पण पुढची लढाईसुद्धा याच शब्दांत लढावी लागते. फाशीसाठी राज्य सरकार आणि सीबीआय दोघंही कलकत्ता उच्च न्यायालयात गेले. फेब्रुवारी २०२५ मध्ये राज्याचं अपील फेटाळलं गेलं, तेव्हा फाशीची मागणीच नाकारली असं समजणं सोपं होतं. प्रत्यक्षात न्यायालयानं ठरवलं होतं ते एवढंच, की तपास केंद्रीय यंत्रणेचा असल्यामुळे हे अपील राज्याला करता येणार नाही. सीबीआयचं अपील त्याच वेळी सुनावणीसाठी दाखल करून घेतलं गेलं.