कढीलिंबाची जोपासना

ज्याच्या चार पानांवांचून कढीची फोडणी पुरी होत नाहीं, त्या झाडाच्या नांवानें आपली चांगलीच फसगत केलेली आहे. कढीलिंब, गोडनिंब हीं नांवें ऐकून पुष्कळांना तो कडुनिंबाचा भाऊबंद वाटतो. वस्तुतः तो संत्र्या-लिंबांच्या कुळांतला. लिनियसनें १७७१ सालीं त्याला दिलेल्या शास्त्रीय नांवांत, दक्षिण भारतांत राहून येथील वनस्पती अभ्यासणाऱ्या कोनिग या पंडिताचें स्मरण आहे. हें कूळ ध्यानांत आलें, म्हणजे त्याची निगाही उमगते.

पिकून काळीं झालेलीं फळें घेऊन गर काढावा आणि बी ताजी असतांनाच पेरावी. ठेवून दिलेली बी लवकर निकामी होते. मोठ्या झाडाच्या मुळांपासून फुटलेलें रोप लावावयाचें असेल, तर पावसाळ्यांत स्वतःच्या मुळांसह तें अलगद वेगळें करावें.

लिंबाप्रमाणेंच याच्याही मुळांस साचलेलें पाणी सोसत नाहीं. मोरीच्या पाण्यावर झाड लावण्याची आपल्याकडे चाल आहे. पाणी वाहतें असेल तोंवर ती ठीक. काळ्या जमिनींत मात्र तें तुंबून राहिलें कीं मुळें कुजतात. वरची माती सुकल्यावरच पुन्हा पाणी द्यावें. चुनखडीच्या जमिनींत पानें पिवळीं व शिरा हिरव्या दिसूं लागल्या, तर तें लोहाच्या उणीवेचें चिन्ह समजून भरपूर शेणखत घालावें.

झाड कंबरेइतकें झालें कीं शेंडा खुडावा. पुष्कळांचा हात येथेंच आखडतो. परंतु न छाटलेला कढीलिंब उंच वाढतो, आणि पानें हाताबाहेर जातात. पानें ओरबाडण्याऐवजीं डहाळीच कापावी. तेथें नवी फूट येते.

पक्ष्याच्या विष्ठेसारखी दिसणारी व पुढें हिरवी होणारी लिंबावरची अळी येथेंही येते. ती हातानें वेंचावी. खरी जपणूक सायला या बारीक किडीची करावयाची. ती कोवळ्या फुटीवर वाढते. संत्र्या-लिंबांच्या झाडांतील ग्रीनिंग रोग हीच कीड पसरविते, असें १९६७ सालीं कपूर, राव व विश्वनाथ या शास्त्रज्ञांनीं दाखविलें. या रोगानें फळें लहान, वांकडीं व कडवट होतात, झाड खंगत जातें, आणि एकदां जडलेला रोग बरा करणारा उपाय अद्याप नाहीं. कढीलिंबाला स्वतःला त्याची बाधा होत नाहीं. परंतु किडीला तो आसरा देतो.

म्हणून विदर्भांतील संत्र्याच्या बागाईतदारांनीं कढीलिंब बांधावर अगर बागेंतील विहिरीपाशीं लावूं नये. परगांवचें रोपही कोंवळ्या फुटीसह बागेजवळ आणूं नये; फुटीबरोबर किडीचीं अंडीं येतात. झाडावर कुऱ्हाड चालविण्याचें मात्र कारण नाहीं. बागेपासून दूर, स्वयंपाकघराच्या दाराशीं तें लावावें, आणि प्रत्येक नवी फूट उलटून पाहावी. घरची फोडणी आणि शेजारची बाग, दोन्हींचें हित त्यांत आहे.