देव धावून नाही आला तर?

(गणेशोत्सवातील भाषणाचा संक्षिप्त भाग)



बंगळूरमधल्या आपल्या काही घरांत सुट्टीच्या दिवशी मुले टेबलाभोवती जमतात, फासे टाकतात आणि मध्येच एखादा म्हणतो, "मी माझ्या देवाचा धावा करतो!" पालकांना वाटते, हा कुठला खेळ आणि कुठला देव? त्याविषयी थोडे बोलतो.

खेळाचे नाव 'डंजन्स अँड ड्रॅगन्स'. गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांचा हा खेळ १९७४ साली अमेरिकेत प्रसिद्ध झाला. एक जण गोष्ट पुढे नेतो, बाकीचे तिच्यातली पात्रे होतात आणि जिथे काय घडेल ते ठरत नाही, तिथे फासे टाकतात. 'क्लेरिक' हे पात्र त्यात पहिल्यापासून आहे. क्लेरिक म्हणजे देवाचा सेवक. मंत्रशक्ती त्याला देवाकडून मिळते आणि सोबत्यांच्या जखमा तो भरून काढतो. १९७९ च्या नियमपुस्तकाप्रमाणे देवाशी बेइमान झालेल्या क्लेरिकला प्रायश्चित्त घेतल्याशिवाय वरचे मंत्र मिळत नसत.

२०१४ च्या नियमांत एक सुंदर गोष्ट होती. दहाव्या पायरीवरचा क्लेरिक देवाला थेट हाक मारू शके. मग फाशांवर एक ते शंभरमधला आकडा काढायचा. दहा किंवा त्याहून कमी आला, तरच देव येणार! म्हणजे शंभरात नव्वद वेळा उत्तर नाही. २०२४ च्या नियमांत हा फासा काढून टाकला. आता हाक मारली की ठरलेल्या मर्यादेतला मंत्र हमखास मिळतो.

सोय झाली खरी, पण मला जुना नियम आपलासा वाटतो. कोकणात आणि गोव्यात ग्रामदेवतेला कौल लावतात. देवाच्या अंगावर फुलाच्या पाकळ्या चिकटवायच्या, गाऱ्हाणे घालायचे आणि कुठली पाकळी पडते याची वाट पाहायची. कौल हवा तसा मिळेलच असे नाही. तरीही गाऱ्हाणे घालणारा एकट्यासाठी मागत नाही, सगळ्या गावाचे भले मागतो. कौल मिळाला नाही म्हणून कोणी देवाला सोडत नाही.

हाकेला दर वेळी ओ देणाऱ्या देवाशी आपला व्यवहार होतो. नकार देऊ शकणाऱ्या देवाशी मात्र नाते जुळते. त्यात विनवणी असते, रुसवा असतो, वाट पाहणे असते.

म्हणून खेळणाऱ्या मुलांना एवढेच सांगणे आहे: फासा उलटा पडला, देव आला नाही, तर तुमचा क्लेरिक काय करतो ते नीट खेळा. जखमी सोबत्याला टाकून तो पळतो, की स्वतःच्या हाताने पट्टी बांधत त्याच्याजवळ थांबतो? त्याची भक्ती तिथे कळेल. घरापासून दूर, परक्या गावात संसार मांडलेल्या आपल्यालाही हा प्रश्न अधूनमधून पडतोच. अशा वेळी शेजारच्या दारातून जो माणूस धावून येतो, तोही आपल्या हाकेला आलेला कौलच.

गणपती बाप्पा मोरया!