अंगावर पित्त उठणाऱ्यांनी गोड कोणते खावे?

(वाशीम येथील वार्षिक संमेलनात दिलेले भाषण)



चिटणीसांच्या आग्रहावरून आम्ही आज एका घरगुती विषयावर चार शब्द बोलणार आहोत. अंगावर गांधी उठल्या, की आपण 'पित्त उठले' म्हणतो आणि पुष्कळ घरांत रुग्णाचे गोड प्रथम बंद होते. हा न्याय योग्य आहे काय?

अशा गांधींमागे बहुधा हिस्टामीन नामक द्रव्य असते. ते शरीरात निर्माण होते, तसेच काही अन्नांतही असते. प्रथिनांतील हिस्टिडीन या घटकापासून सूक्ष्मजंतू ते बनवितात. म्हणून आंबलेल्या, मुरलेल्या व शिळ्या पदार्थांत ते वाढते आणि पुन्हा उकळल्यानेही जात नाही. साखरेत, खडीसाखरेत प्रथिने जवळजवळ नसतातच. मग तेथे ते होणार कशापासून?

तेव्हा गोडीपेक्षा तिची संगत पाहावी. श्रीखंड गोड खरे, परंतु चक्का आंबविलेल्या दुधाचा. अशा रुग्णास ताज्या दुधाची तांदळाची खीर बरी. पावसाळ्यात पाझरून आंबूस झालेला गूळ टाळावा. पिवळाधमक गूळ पुष्कळदा गंधकयुक्त रसायनाने उजळलेला असतो. ते कित्येक दमेकऱ्यांस सोसत नाही. गडद गूळ घ्यावा. मध अनेकांस चालतो. मात्र वर्षाखालील बालकास तो मुळीच देऊ नये.

निर्दोष म्हणजे अमर्याद नव्हे. वरून घातलेली साखर, गूळ व मध मिळून दिवसाच्या उष्मांकांच्या दहाव्या हिश्श्याहून कमी, म्हणजे प्रौढास सुमारे ५० ग्रॅमच्या आत असावे, असे जागतिक आरोग्य संघटनेने २०१५ साली सांगितले. मधुमेह्यास तर गूळही साखरेसारखाच.

प्रत्येक गांध अन्नामुळेच उठते असेही नाही. औषध, कीटकदंश, जंतुसंसर्ग हीही कारणे असतात. म्हणून पथ्य डॉक्टरांच्या सल्ल्याने दोन ते चार आठवडे करावे, नंतर एकेक पदार्थ पुन्हा खाऊन पाहावा. वाढत्या मुलांचे अन्न वर्षानुवर्षे तोडू नये. ओठ सुजले, श्वास कोंडला, तर आमसुलाचे पाणी चोळीत न बसता तत्काळ रुग्णालय गाठावे.

आपल्या पंक्तीत कोणी रिकाम्या वाटीपुढे बसू नये. श्रीखंडाच्या बेताबरोबर ताज्या खिरीचे एक पातेले असावे, एवढीच आमची मंडळास विनंती आहे.