मॉलचे दार आणि आपला सभामंडप

(मंदिराच्या ज्येष्ठ सभासदांच्या मासिक मेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



डॉक्टरला भाषणाला बोलावले की माणसे आधीच धास्तावतात. आता हा साखर बंद करणार, मीठ बंद करणार, लोणच्याची बरणी उचलून नेणार. आज त्यातले काही नाही. मघाचा प्रसादाचा शिरा मीही घेतला, आणि दुसऱ्यांदा मागून घेतला.

विश्वस्तांनी मला विषय दिला आहे तो असा : खेळ आणि उत्सव यांचा शहराच्या कारभाराला काय उपयोग? मी २९ वर्षे संयुक्त अरब अमिरातीत डॉक्टरकी केली, आधी शारजात आणि मग दुबईत. त्यामुळे उदाहरणे तिकडची देणार. पण मागणे मात्र इथलेच आहे, ते शेवटी सांगतो.

शारजा म्हटले की आपल्याला सचिन आठवतो. १९९८ चा एप्रिल. २२ तारखेला धुळीचे वादळ आले, खेळ थांबला, आणि नंतर सचिनने १४३ धावा काढल्या. सामना हरलो, तरी अंतिम फेरीत गेलो. २४ तारखेला, त्याच्या पंचविसाव्या वाढदिवशी, त्याने १३४ काढल्या आणि आपण चषक जिंकला. मी त्या संध्याकाळी दवाखान्यात ड्यूटीवर होतो. रात्रीपर्यंत एकही रुग्ण आला नाही. सगळ्यांचे आजार सामना संपेपर्यंत थांबले होते.

ते मैदान उभे राहिले १९८० नंतरच्या पहिल्या काही वर्षांत. अब्दुल रहमान बुखातिर नावाचे तिथले उद्योजक कराचीत शिकायला होते, तिथून क्रिकेटचे वेड घेऊन आले. १९८४ चा पहिला आशिया चषक तिथेच झाला आणि आपण तो जिंकला. त्या काळच्या स्पर्धांतून भारत-पाकिस्तानच्या जुन्या खेळाडूंना मदतनिधी दिला जाई, हे मला विशेष वाटते. खेळून थकलेल्या माणसांची सोय खेळातूनच केली.

ज्या १९९८ साली आपण वादळ पाहत होतो, त्याच वर्षी युनेस्कोने शारजाला अरब जगताची सांस्कृतिक राजधानी म्हणून मान दिला. तिथले पुस्तक प्रदर्शन १९८२ पासून भरते. २०१९ साली शारजा जागतिक ग्रंथ राजधानी झाली. आणि हेच शहर जागतिक आरोग्य संघटनेच्या ज्येष्ठस्नेही शहरांच्या जाळ्यातही आहे. ‘ज्येष्ठस्नेही’ म्हणजे काय, तर म्हातारपणी जिथे राहता येते असे गाव. संघटनेने २००७ साली त्यासाठी आठ बाबी सांगितल्या. मोकळ्या जागा, प्रवास, घर, लोकांत मिसळणे, मान, कामाची संधी, माहिती मिळणे, आणि आठवी बाब आधार व आरोग्यसेवा. दवाखाना आठवा! डॉक्टर असून मला हे पटायला बरीच वर्षे लागली.

कसे पटले ते सांगतो. शारजात अल नहदा भागात आपली पुष्कळ माणसे राहतात. मुलगा-सून नोकरीवर, नातवंडे शाळेत, आणि गावाहून आणलेली आई दहाव्या मजल्यावर. अशा एक आजी माझ्याकडे येत. मधुमेह, रक्तदाब, गुडघे. दर वेळी मी कागदावर लिहून द्यायचो, ‘रोज अर्धा तास चालणे’. जून महिना, बाहेर पंचेचाळीस अंश. शेजारचे नाव माहीत नाही, लिफ्टची भीती. त्या चालणार कुठे? मी विचारलेच नाही. ऑगस्टमध्ये घरातल्या घरात, सोफ्यावरून उठताना तोल गेला आणि खुब्याचे हाड मोडले. मुलगा मला म्हणाला, “डॉक्टर, आई दोन महिने घराबाहेर पडली नव्हती.” औषधे सगळी वेळेवर चालू होती. चूक माझ्या कागदात होती. जागा न सांगता मी चालायला सांगितले होते.

अस्थिरोग तज्ज्ञांनी शस्त्रक्रिया चांगली केली. पण आजी पुन्हा पूर्वीसारख्या चालल्या नाहीत. वर्षभराने मुलाने त्यांना सांगलीला परत नेऊन ठेवले.

आता दुबईचे. तिथल्या सरकारपुढचे प्रश्न आपल्यासारखेच आहेत : बैठी कामे, मधुमेह, गाड्यांची गर्दी, आणि जगभरातून आलेली, एकमेकांना न ओळखणारी माणसे. २०१७ साली युवराज शेख हमदान यांनी एक उपक्रम सुरू केला. तीस दिवस, रोज तीस मिनिटे व्यायाम. ऑक्टोबर-नोव्हेंबरात हवा निवळते तेव्हा. बागांत आणि समुद्रकिनारी मोफत वर्ग लागतात. शेख झायेद रोड हा तिथला मोठा हमरस्ता, एरवी गाड्यांमधून माणूस तो चालत ओलांडूच शकत नाही. एका रविवारी सकाळी तो गाड्यांना बंद करतात आणि लोक धावतात. पाच किलोमीटर नाहीतर दहा, ज्याला जसे झेपेल तसे. अलीकडे एका सकाळी दोन लाखांवर माणसे असतात. मी एकदा गेलो होतो. धावलो नाही, चाललो. माझ्या पुढे एक गृहस्थ चाकाच्या खुर्चीत आईला बसवून ढकलत होते. माझ्या मागे ढोल होता, कोणाचा ते कळले नाही. पण पाय आपोआप उचलत होते.

याचे कौतुक आहेच. तरी डॉक्टर म्हणून माझे मत असे की एका दिवसाच्या गर्दीने साखर उतरत नाही. मला त्याहून मोलाची वाटली ती नंतरची, लहान आणि अगदी साधी गोष्ट.

निवृत्त होऊन मी इकडे आलो, आणि २०२५ च्या ऑगस्टमध्ये मुलीकडे दुबईला गेलो. चुकीचा महिना, पण नातवाचा वाढदिवस त्याला काय करणार. त्या महिनाभर सरकारने शहरातले मोठे मॉल रोज सकाळी सात ते दहा चालणाऱ्यांसाठी उघडे ठेवले होते. मॅरेथॉनवरून नाव ठेवले ‘मॉलथॉन’. दुबई मॉल, देऱ्याचे सिटी सेंटर, मॉल ऑफ द एमिरेट्स असे बरेच. दुकानांची दारे बंद, वातानुकूलन चालू, सपाट कोरडी फरशी, जागोजागी बाके आणि स्वच्छतागृहे. मी देऱ्याला जात असे. तिथे मला माझे जुने रुग्ण भेटले! दोन बायका नऊवारीत आणि पायात पांढरे बूट. केरळचे एक मास्तर काठी घेऊन. एक अरब आजोबा रोज माझ्याकडे बघून घड्याळ दाखवत, म्हणजे उशीर झाला. पाचव्या दिवशी मी गेलो नाही, तर सहाव्या दिवशी त्यांनी चौकशी केली. ती चौकशी मला कुठल्याही गोळीहून गुणकारी वाटली.

लक्षात घ्या, यात नवे काही बांधले नाही. इमारत होती, थंडावा होता, सकाळी ती जागा रिकामी असायची. फक्त दार लवकर उघडले.

एक गोष्ट मात्र दडवून ठेवणार नाही. ज्या हातांनी ही शहरे बांधली त्या कामगारांना मॉलमध्ये सकाळी सात वाजता चालायला कुठली सवड? माझ्या काळी त्यांची सुट्टी शुक्रवारची असे. आमच्या दवाखान्यामागे वाळूचा मोकळा प्लॉट होता, तिथे ते टेनिस बॉलला चिकटपट्टी गुंडाळून क्रिकेट खेळत. एक फिटर मला म्हणाला होता, “सहा दिवस मी नंबर आहे, शुक्रवारी मी ओपनिंग बोलर आहे.” पुढे त्या प्लॉटवर इमारत झाली. ते मग कुठे खेळायला गेले, मी पाहिले नाही.

आता आपल्या गावी येऊ. घटनेची ७४ वी दुरुस्ती झाली तेव्हा बारावी अनुसूची आली. तिच्यात नगरपालिकांची अठरा कामे लिहिली आहेत. बारावे काम उद्याने आणि मैदाने. तेरावे काम सांस्कृतिक आणि शैक्षणिक गोष्टींना उत्तेजन. म्हणजे कागदावर आपल्याकडेही आहे. पण पाणी, कचरा, रस्ते यांतून पैसा उरला तर बागेचा नंबर. मी नगरसेवकांना दोष देत नाही, आपणही बागेसाठी मोर्चा काढत नाही. तरी मुंबईचे शिवाजी पार्क आठवा. १९२५ साली नगरपालिकेने ते मैदान लोकांना खुले केले, आणि अवंतिकाबाई गोखले नगरसेविका होत्या त्यांच्या आग्रहाने १९२७ साली त्याला महाराजांचे नाव मिळाले. त्याच मैदानात समर्थ व्यायाम मंदिराचा मल्लखांब, त्याच मैदानात क्रिकेट, सभा आणि कट्ट्यावरचे म्हातारे. शंभर वर्षे झाली. त्या कट्ट्याने किती जणांचा रक्तदाब आटोक्यात ठेवला असेल याचा हिशेब कोणी केलेला नाही.

दुबईत उन्हाळ्याचे चार महिने माणूस घरात कोंडतो, आपल्याकडे पावसाचे चार महिने. निसरडी गल्ली, फुटलेले पदपथ, मोकाट कुत्री. गेल्या पावसाळ्यात या मेळाव्यातल्या तीन जणांची हाडे मोडली. नावे घेत नाही, त्यातले एक पहिल्या रांगेत बसले आहेत.

आणि आपल्याकडे काय आहे? हा सभामंडप. छप्पर आहे, पंखे आहेत, फरशी सपाट आहे, मागे स्वच्छतागृह आहे. काकड आरती संपली की साडेसहापासून साडेनऊपर्यंत इथे कबुतरांखेरीज कोणी नसते. मी पावलांनी मोजले, खांबांच्या बाहेरून एक फेरी ९० पावलांची होते. आमच्या वयाला आठवड्यात दीडशे मिनिटे चालणे आणि तीन दिवस तोल सांभाळायचा व्यायाम एवढे जागतिक आरोग्य संघटना सांगते. रोज अर्धा तास, पाच दिवस, झाले दीडशे. तोलाचा व्यायाम म्हणजे खांबाला हात लावून एका पायावर उभे राहणे. लेझीम येत असेल तर उत्तमच. टाळ धरून भजनाच्या ठेक्यावर पावली खेळलात तरी चालेल, माझी हरकत नाही. छातीत दुखले, धाप लागली, चक्कर आली तर मात्र लगेच बसायचे. आणि मधुमेहाची औषधे घेणाऱ्यांनी खिशात खडीसाखर ठेवायची.

विश्वस्तांनी एक महिना प्रयोग म्हणून परवानगी दिली आहे. त्यासाठी काही गोष्टी लागतील. हाताच्या खुर्च्या दहा, कारण बिनहाताच्या खुर्चीतून गुडघेवाल्याला उठता येत नाही. दाराशी पाय पुसायला न घसरणारी जाड पायपुसणी चार. वरच्या आळीतल्या सात जणींना एकटीने येता येत नाही, त्यांच्यासाठी सकाळची एक रिक्षा. ज्यांना हे द्यायचे त्यांनी कार्यालयात पैसे भरून आरोग्य साहाय्य निधीची पावती घ्यावी.

पण मला पैशापेक्षा माणसे हवी आहेत. कॉलेजातली चार मुले-मुली, आठवड्यातून दोन सकाळी, फक्त सोबत चालायला. तुमच्या नातवंडांना विचारा. आणि एक वही ठेवणार आहोत, आलेल्याने नाव लिहायचे. दोन दिवस नाव दिसले नाही तर तिसऱ्या दिवशी कोणीतरी घरी जाऊन येईल. ते काम जोशी काकूंनी अंगावर घेतले आहे, तेव्हा दांडी मारण्याआधी विचार करा.

सोमवारी साडेसहाला सुरू करू. किल्ली गुरवांकडे आहे. मी दाराशी असेन, बूट घालून या.