एका फाईलची पंचवीस वर्षं
(रौप्यमहोत्सवी सभेतील भाषण)



सेक्रेटरी असताना मी एक फाईल जपली. घरपट्टीच्या पावत्यांची. पहिल्या पावत्या महापालिकेच्या. 2002मध्ये सत्तावीस गावं कल्याण-डोंबिवली महापालिकेतून बाहेर पडली, मग ग्रामपंचायतीच्या. जून 2015मध्ये गावं परत आत, पुन्हा महापालिका. 2020च्या मार्चमध्ये आपल्या गोळवलीसकट अठरा गावं वगळून वेगळी नगरपरिषद करायचं ठरलं. डिसेंबरात हायकोर्टाने ते रद्द केलं. आपण मात्र त्याच जिन्यात!

हसताय, पण बिल्डिंगच्या मंजूर नकाशाची नक्कल काढायला मी दोन वर्षं फिरलो. एका ऑफिसात म्हणाले, "तेव्हा हद्द आमची नव्हती." दुसऱ्यात म्हणाले, "दप्तर तिकडे दिलं." शेवटी एका जुन्या सभासदाच्या माळ्यावर झेरॉक्स सापडली.

आता रिडेव्हलपमेंटची कुजबुज आहे. 2020च्या अखेरीस राज्याची एकत्रित बांधकाम नियमावली आली, त्यामुळे एफएसआय किती मिळेल हे सगळेच विचारतात. कन्व्हेयन्सचं कोणी विचारत नाही. जमीन अजून सोसायटीच्या नावावर नाही, मंडळी. आधी डीम्ड कन्व्हेयन्सचा अर्ज करा.

फाईल आज नव्या कमिटीकडे देतोय. मूळ कागद कुणालाही देऊ नका, अगदी मी मागितले तरी.