हलाल आहे का विचारलं, मालक कोण ते राहिलं
(अमडापूर येथे तरुणांसमोर केलेलं भाषण)



अमडापूरसारख्या गावात पैसे ठेवायच्या जागा मोजक्याच. बँक, पतसंस्था, भिशी, सोनं. आणि आता मोबाइलवरचं शेअरचं अ‍ॅप. कुठलीही निवडली तरी आपल्या घरांत पहिला प्रश्न येतो, यात व्याज आहे का? प्रश्न योग्य आहे. पण तेवढं विचारून आपण थांबतो, आणि ठगवणाऱ्यांना हे चांगलं ठाऊक असतं.

बंगळूरची आयएमए आठवते? २००६ मध्ये सुरू झाली, हलाल नफ्याचं नाव घेऊन वाढली. जून २०१९ मध्ये तिचा प्रमुख दुबईला निघून गेला आणि ४० हजारांहून जास्त तक्रारी आल्या. तक्रारदार बहुतेक आपलेच लोक. त्यातली कायद्याची चलाखी समजून घ्या. घेतलेल्या पैशाला ‘ठेव’ म्हटलं असतं तर ठेवींचे नियम लागले असते. म्हणून पैसे देणाऱ्याला एलएलपीमध्ये ‘भागीदार’ करून घेतलं. हा शब्द आपल्या कानाला गोड लागतो, कारण नफ्यातोट्यात वाटा म्हणजे शरीअतला धरून. पण भागीदार म्हणजे मालक! २००८ च्या एलएलपी कायद्याप्रमाणे, करारात वेगळं ठरलं नसेल तर, प्रत्येक भागीदाराला कारभारात भाग घेता येतो. इथं मालक हजारो, आणि कारभार एकाच्या हातात. दरमहा पैसे येत होते तोवर हिशेबाची वही मागायचं कुणाला सुचलं?

काहीजण म्हणतात, देशात इस्लामी बँक नाही म्हणून हे घडतं. अर्धं खरं आहे. रघुराम राजन समितीने २००८ मध्ये बिनव्याजी बँकिंगची शिफारस केली होती. २०१७ मध्ये रिझर्व्ह बँकेने तो विषय पुढे न नेण्याचं ठरवलं. मला तो निर्णय पटलेला नाही. पण जिथं अशा बँका आहेत तिथं काय चालतं तेही पाहा.

ब्रिटनमध्ये २००४ मध्ये पहिल्या इस्लामी बँकेला परवाना मिळाला. तिथल्या नियंत्रकाने अट घातली की ठेवीदाराची मुद्दल सुरक्षित हवी. बँकेची अडचण अशी, की तोटा वाटून घ्यायचाच नाही तर नफा कसला? तोडगा असा निघाला की तोटा झाला तर बँक तो भरून देऊ करील, आणि ज्याला धर्माच्या कारणाने नको असेल त्याने नाकारावं. मलेशियात १९८३ पासून इस्लामी बँकांचा स्वतंत्र कायदा आहे, आणि कुठले शेअर शरीअतला चालतात याची यादी सरकारी नियंत्रक वर्षातून दोनदा काढतो. धर्माचं नाव लावलं म्हणून तपासणीतून सूट दोन्हीकडे नाही.

मालकीचंही तसंच. ब्रिटनमध्ये २०१६ पासून कंपनीवर खरा ताबा कुणाचा, ही नोंद कुणालाही फुकट पाहता येते. आपल्याकडे शेअर बाजारातल्या प्रत्येक कंपनीला प्रवर्तकांकडे किती टक्के आणि जनतेकडे किती, हे दर तिमाहीला जाहीर करावं लागतं. तेही फुकट दिसतं. शरीअतच्या निकषांवर निवडलेल्या कंपन्यांचा निर्देशांक मुंबई शेअर बाजारात २०१० मध्येच सुरू झाला. म्हणजे हलालही पाहता येतं आणि मालकही, एकाच मोबाइलवर. शेअरचा भाव पडू शकतो, पैसे बुडूही शकतात. पण कुणाच्या हाती दिले ते तरी माहीत असतं.

आता आपल्या बुलढाणा जिल्ह्याकडे या. इथं पतसंस्था गावोगाव आहेत. अनेकांना ती बँकच वाटते. बँक बुडाली तर ५ लाखांपर्यंतच्या ठेवीला विमा आहे, सहकारी बँकेलाही. पतसंस्थेच्या ठेवीला तो विमा नाही. पतसंस्थेत पैसे ठेवू नका असं मी म्हणत नाही. अडीनडीला कर्ज तिथूनच मिळतं. पण सभासद असाल तर वार्षिक सभेला जा आणि लेखापरीक्षणाचा अहवाल मागा. तो तुमचा हक्क आहे, आणि विशेषतः बहिणींना सांगतो, पासबुक तुमच्या नावाचं असेल तर सभेलाही तुम्हीच जा, भाऊ किंवा नवरा नको.

आणि कुणी नोंदणीशिवाय ठेवी गोळा करतोय अशी शंका आली तर रिझर्व्ह बँकेच्या ‘सचेत’ संकेतस्थळावर तक्रार करता येते. तो आपल्याच मोहल्ल्यातला, आपल्याच सफमध्ये नमाजला उभा राहणारा असला तरी.